चित्रपटाची चौकट आणि घरचा पडदा

नाटक कसें पाहावें, काव्य कसें वाचावें, गाणें कसें ऐकावें, ह्यांविषयीं मराठी मासिकांतून पिढ्यान्‌पिढ्या चर्चा होत आली आहे. चित्रपटाविषयींही टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें. परंतु तें बहुतेक कथानक, अभिनय, संगीत आणि फार तर छायालेखन एवढ्यापुरतेंच. ज्या चौकटींत हीं सर्व अंगें एकत्र नांदतात, त्या चौकटीच्या रुंदी-उंचीकडे मात्र टीकाकाराचें आणि प्रेक्षकाचें सारखेंच दुर्लक्ष होतें. चित्रगृहांत हें दुर्लक्ष एक वेळ खपून जाईल. कारण तेथें चौकट सांभाळणारा यंत्रचालक निराळा असतो आणि प्रेक्षकाच्या हातीं आपल्या खुर्चीखेरीज कांहीं नसतें. घरीं मात्र ती चौकट बदलण्याचा अधिकार प्रत्येकाच्या हातांत आला आहे. हा अधिकार कसा वापरावा, हा प्रश्न आम्हांस रसिकतेच्या इतर कोणत्याही प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

पांझरेच्या पलीकडील आमचें देवपूर ही धुळ्यांतील शाळा-महाविद्यालयांची आणि त्यांच्या आसऱ्यानें वाढलेली वस्ती. येथील शिक्षकांच्या, प्राध्यापकांच्या, नोकरदारांच्या घरीं बैठकीच्या खोलींत भिंतीवर रुंद दूरचित्रवाणी-संच असतो, आणि सुटीच्या दिवशीं संध्याकाळीं तीन पिढ्या त्यापुढें बसतात. जुना कृष्णधवल बोलपट लागला कीं पडद्याच्या डाव्या-उजव्या अंगास काळ्या पट्ट्या दिसूं लागतात. रुंद धाटणीचा चित्रपट लागला कीं त्याच पट्ट्या वर आणि खालीं जातात. मग वादास तोंड फुटतें. घरचा कर्ता म्हणतो, "पैसे त्रेचाळीस इंचांचे मोजले आहेत, पडदा भरलाच पाहिजे." आजी म्हणते, "मला माणसांचे चेहरे दिसले म्हणजे झालें. तेवढे मोठे करा, बाबा." महाविद्यालयांत जाणारी नात म्हणते, "आजी, ज्यानें काढला त्यानें जसा काढला तसाच पाहूं या ना." तिघांचेंही म्हणणें समजण्यासारखें आहे. कर्त्याच्या मागें हिशेब आहे, आजीच्या मागें गरज आहे, आणि नातीच्या मागें कलाकृतीविषयींची एक निष्ठा आहे. ह्या तिन्ही बाजू नीट तपासल्यावांचून निकाल देणें न्यायाचें होणार नाहीं.

प्रथम थोडा इतिहास पाहिला पाहिजे. एडिसनच्या प्रयोगशाळेंत विल्यम डिक्सन ह्यानें १८९२ च्या सुमारास ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चार छिद्रांच्या उंचीएवढें एकेक चित्र बसविलें, आणि त्यांतून रुंदीस ४ तर उंचीस ३ असें प्रमाण निघालें. मूकपटांचा बहुतेक सारा काळ ह्याच प्रमाणांत गेला. पुढें बोलपट आला. फितीच्या कडेस ध्वनीची पट्टी बसली, तेव्हां चित्राची रुंदी घटून तें जवळजवळ चौरस झालें. ती विकृति टाळण्यासाठीं १९३२ सालीं अमेरिकेंतील चित्रपट-अकादमीनें उंचीस १ तर रुंदीस १.३७ असें प्रमाण ठरवून दिलें. तें जुन्या प्रमाणाहून किंचितच रुंद होय. प्रभातचे गाजलेले बोलपट ह्याच घडणीचे. दूरचित्रवाणी निघाली, तिनेंही ४:३ हेंच प्रमाण उचललें. त्यामुळें ज्या वेळीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें, म्हणजे २ ऑक्टोबर १९७२ पासून पुढें कित्येक वर्षें, जुना बोलपट आणि घरची पेटी ह्यांचें माप जुळत होतें.

बिघाड दुसऱ्या बाजूनें झाला होता. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत दूरचित्रवाणीमुळें चित्रगृहें ओस पडूं लागलीं, तेव्हां घरच्या पेटींत मावणार नाहीं असें कांहीं तरी दाखवावें म्हणून चित्रपटवाल्यांनीं पडदाच रुंद केला. १९५३ सालचा 'द रोब' हा सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट. ह्या पद्धतींत एक विशेष भिंग दृश्याला आडव्या अंगानें निम्म्यावर दाबून फितीवर बसवितें आणि दाखवितांना दुसरें भिंग तें पुन्हां उलगडतें. तें दुसरें भिंग नसेल तर पडद्यावरील सारीं माणसें काठीसारखीं उंच आणि किडकिडीत दिसतात. हिंदी चित्रपटांत ही पद्धति प्रथम गुरुदत्त ह्यांनीं १९५९ च्या 'कागज के फूल' मध्यें आणली. तिच्यांत उंचीच्या २.३५ पट रुंदी असते; ४:३ च्या जुन्या पेटींत असें चित्र पुरें दाखवावयाचें तर पडद्याची शेंकडा त्रेचाळीस जागा रिकामी राही, आणि पेटी भरावयाची तर चित्राची तेवढीच रुंदी कापून टाकावी लागे. बहुधा कापण्याचाच मार्ग पत्करला जाई. आमच्या मध्यमवयीन वाचकांनीं रविवारच्या संध्याकाळीं जे रुंद हिंदी चित्रपट घरीं पाहिले, त्यांतील कित्येकांचा अर्ध्याच्या आसपास भाग त्यांनीं पाहिलाच नाहीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होऊं नये.

ह्या दोन टोकांमध्यें तडजोड म्हणून १९८० नंतरच्या दशकांत १६:९ हें प्रमाण पुढें आलें, आणि तेंच आज आमच्या भिंतींवर आहे. तें निवडण्यांत जी भूमिति आहे ती ध्यानांत घेण्यासारखी आहे. ४३ इंची संचाचा पडदा सुमारें ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो. त्यावर ४:३ चें चित्र पुरें मांडलें तर तें ७१ सेंटिमीटर रुंद होतें, आणि उरलेली पाव रुंदी दोन्ही अंगांस वाटली जाते. सिनेमास्कोपचें चित्र पुरें मांडलें तर तें साडेचाळीस सेंटिमीटर उंच होतें, आणि जवळजवळ पाव उंचीच वर-खालीं रिकामी राहते. दोघांनाही सारखाच तोटा व्हावा, कोणा एकावर अन्याय होऊं नये, अशाच हिशेबानें तें प्रमाण बेतलें आहे. तात्पर्य, भिंतीवरील हा पडदा 'संत तुकाराम'चाही नव्हे आणि 'कागज के फूल'चाही नव्हे. त्या काळ्या पट्ट्या हा संचाचा दोष नसून दोन भिन्न काळांतील कृतींना एकाच घरांत जागा द्यावयाची तर द्यावें लागणारें भाडें आहे.

आतां घरच्या कर्त्याचा हिशेब पाहूं. त्याचें म्हणणें असें कीं, रिकामी जागा म्हणजे वायां गेलेले पैसे. परंतु इंच हे दुकानांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, आणि त्या मापांत एक फसवणूक आहे: तितक्याच इंचांचा जुन्या आकाराचा संच असता तर त्याचा पडदा रुंद संचाच्या पडद्याहून शेंकडा बाराएक टक्क्यांनीं अधिक क्षेत्राचा भरला असता. तेव्हां पैसे मोजले ते इंचांचे, चित्राचे नव्हेत. शिवाय, पडदा 'भरण्या'चे दोनच मार्ग आहेत. एक, चित्र आडवें ताणावयाचें. दुसरा, तें सर्व बाजूंनीं वाढवून पडद्याबाहेर जाईल तेवढें कापावयाचें. पहिल्या मार्गानें कोणाही माणसाचा चेहरा मुळापेक्षां एक-तृतीयांशानें रुंद होतो. दुसऱ्यानें जुन्या चित्राची पाव उंची अथवा रुंद चित्राची पाव रुंदी नाहींशी होते. म्हणजे ज्या पाव भागाचा लोभ धरला, तितकाच पाव भाग मूळ कृतींतून वजा करून तो भरून काढावयाचा! हिशेबी माणसानें तरी ह्या व्यवहाराला फायद्याचा म्हणूं नये.

परंतु प्रश्न केवळ टक्क्यांचा असता तर आम्हीं तो मांडला नसता. चौकट बदलली म्हणजे कृतीचा अर्थ कसा बदलतो हें प्रत्यक्ष उदाहरणांनींच पटण्यासारखें आहे.

प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' घ्या. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या ह्या बोलपटाचा १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला, हें सर्वश्रुत आहे. ह्या चित्रपटाचें सारें रचनातंत्र उभें आहे. विष्णुपंत पागनीस ह्यांचा तुकाराम बारीक अंगाचा आणि ताठ मानेचा आहे. ज्याच्यापुढें तो गातो तो विठ्ठल तर उभेपणाचेंच दैवत. घर बुटकें, दार अरुंद, माणसें एकमेकांजवळ. शेवटीं आकाशांतून विमान उतरतें आणि तुकोबांस घेऊन वर जातें. खालीं राहिलेली जिजाई आणि वर चाललेला तुका ह्यांच्यामधील अंतर हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. संसार खालीं राहिला आणि भक्ति वर गेली, एवढेंच त्या दृश्यास सांगावयाचें असतें, आणि तें सांगण्यास त्याला उंचीच हवी. आतां ह्याच चित्राची पाव उंची कापून पाहा: एक तर वरचें आभाळ जातें, नाहीं तर खालची माती जाते, दोन्ही एकदम राहूंच शकत नाहींत. आणि कापण्याऐवजीं ताणून पाहा: पागनीसांचा कृश तुकाराम खाऊनपिऊन सुखी असलेल्या गृहस्थासारखा दिसूं लागतो. ज्या संताच्या घरीं उपासमार आहे, ज्याची बायको त्या उपासमारीपायीं देवाशीं भांडते, तो संत गुबगुबीत दिसूं लागला तर जिजाईच्या संतापास काय आधार राहिला? अभिनयांतील, वेषांतील, प्रकाशयोजनेंतील सारी मेहनत एका कळीसरशीं विनोदी होऊन बसते.

'श्यामची आई'चीही तीच गोष्ट. साने गुरुजी आमच्या खान्देशाचे. अमळनेरच्या शाळेंत त्यांनीं शिकविलें, धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांचीं गीता-प्रवचनें त्यांनींच टिपून घेतलीं, आणि पुढच्या वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. आचार्य अत्र्यांनीं १९५३ त तिचा चित्रपट केला, आणि त्यास पहिलें राष्ट्रपति-सुवर्णपदक मिळालें. वनमाला आणि माधव वझे ह्यांच्या ह्या चित्रपटाचा विषय आई आणि मूल एवढाच. उभी आई आणि तिच्या कमरेइतका मुलगा हीं दोन माणसें ज्या आकारांत मावतात तो आकार चौरसाच्या जवळचाच. रुंद चौकटींत अशा जोडीच्या दोन्ही बाजूंस पोकळी येते. वर-खालीं कापलें तर आईच्या पदराकडे पाहणारा मुलगा राहतो आणि आई जाते. वात्सल्याच्या कथेस जवळीक हवी असते, आणि त्या जुन्या चौकटीनें ती फुकट देऊं केली होती.

ह्याच्या उलट 'कागज के फूल' पाहा. ही एका यशस्वी दिग्दर्शकाच्या एकाकीपणाची कथा. व्ही. के. मूर्ति ह्यांचें छायालेखन आजही छायालेखकांच्या चर्चेचा विषय आहे. रिकाम्या चित्रशाळेंत वरून एक प्रचंड प्रकाशाचा झोत तिरपा उतरतो, आणि त्याच्या आजूबाजूस गुरुदत्त आणि वहिदा रेहमान एकमेकांपासून दूर उभीं असतात. त्या दोघांमध्यें जी रिकामी जागा आहे, तीच त्या गीतप्रसंगाची मुख्य पात्र होय. जुन्या पेटीच्या मापानें हें चित्र कापलें म्हणजे एक तर नायक दिसतो, नाहीं तर नायिका. दोघांच्या मधलें अंतर दिसत नाहीं. मग उरतें काय? एक गोड गाणें आणि एक सुंदर चेहरा. चित्रगृहांत न चाललेला हा चित्रपट पुढें कित्येकांनीं घरींच पाहिला. तो त्यांस केवळ रडका वाटला असेल, तर दोष सर्वस्वीं गुरुदत्तांचा मानूं नये.

येथें एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, "चौकट हा तर यंत्राचा अपघात! डिक्सननें फितीला चार छिद्रें पाडलीं म्हणून ४:३ झालें. धंदा बुडूं लागला म्हणून सिनेमास्कोप झालें. ह्या व्यापारी आणि यांत्रिक गोष्टींना कलेचें पावित्र्य कशाला द्यावयाचें?" उगम यांत्रिक होता हें आम्हांस मान्य आहे. परंतु मर्यादा कोठून आली ह्यापेक्षां ती स्वीकारून कलावंतानें काय केलें, हें रसिकानें पाहावयाचें असतें. ज्ञानेश्वरीची ओवी घ्या. तिचा चौथा चरण आधीच्या तिहींहून आखूड असतो. उद्यां एखाद्या मुद्रकानें पानाची उजवी कड सरळ यावी म्हणून त्या चौथ्या चरणांत चार अक्षरें घुसडलीं, अथवा पहिल्या तीन चरणांच्या शेपट्या छाटल्या, तर त्यास कागदाची काटकसर करणारा म्हणून कोणी शाबासकी देईल काय? चरण आखूड असल्यामुळेंच तेथें थांबतां येतें, आणि थांबतां येतें म्हणूनच अर्थ मनांत उतरतो. ज्या आमच्या घरांत आसोद्याच्या बहिणाबाईंचीं गाणीं बायकांना तोंडपाठ आहेत, तेथें ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडूं नये. कवितेच्या ओळीपुढील कोरा कागद आणि चित्राशेजारची काळी पट्टी ह्यांची जात एकच. कविता छापतांना समासाची जागा वायां गेली असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, खुद्द दिग्दर्शकच कधीं कधीं निराळी चौकट पसंत करतात. हेंही खरें आहे. स्टॅन्ले कुब्रिक ह्यांच्या १९८० सालच्या 'द शायनिंग'च्या घरगुती आवृत्त्या बराच काळ ४:३ मध्येंच निघत. चित्रगृहांत जो भाग वर-खालीं झांकला जाई, तोही त्यांत दिसे. म्हणजे येथें घरीं पाहणाऱ्यास चित्र अधिक मिळे, कमी नव्हे. आणि त्या अधिकांत छायालेखकाच्या हेलिकॉप्टरची सावलीही दिसून जाई. ह्यावरून 'जितकें जास्त दिसेल तितकें खरें' हाही नियम करतां येत नाहीं, हें उघड होतें. नियम एकच करतां येतो: कर्त्यानें विचारपूर्वक जें दाखविलें तें पाहावें. आजचे दिग्दर्शक तर हा विचार उघडउघड करतात. वेस अँडरसन ह्यांनीं २०१४ च्या 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' मध्यें तीन निरनिराळ्या काळांस तीन निरनिराळ्या चौकटी दिल्या. प्रेक्षकानें पट्ट्यांकडे पाहूनच काळ ओळखावा अशी त्यांची योजना. २०२१ सालीं झॅक स्नायडर ह्यांनीं आपला 'जस्टिस लीग' घरच्या पडद्यासाठीं ४:३ मध्यें दिला, आणि तो तसा कां आहे ह्याची सूचना आरंभींच घालावी लागली. कारण रुंद पडद्याची संवय झालेल्यास ती चौकट चुकीच वाटली असती! संवय किती लवकर न्यायाधीश होऊन बसते, ह्याचा हा नमुना आहे.

चौकटीचा हा मान केवळ नांवाजलेल्या कृतींस द्यावा असें मात्र कोणी समजूं नये. मुंबई-आग्रा रस्त्यानें धुळ्याहून दक्षिणेस पन्नासेक किलोमीटरांवर मालेगांव आहे. १९७५ च्या 'शोले'चें चित्रण ३५ मिलिमीटर फितीवर झालें, आणि पुढें तें वाढवून ७० मिलिमीटरच्या रुंद प्रतींत मोठ्या शहरांतील चित्रगृहांत दाखविलें गेलें. त्याच 'शोले'चें विनोदी रूप शेख नासिर ह्यांनीं २००० च्या सुमारास मालेगांवच्या गल्ल्यांतून, यंत्रमागांच्या गांवांतील हौशी नटांना घेऊन, साध्या व्हिडिओवर उतरविलें. ह्या मंडळींच्या उद्योगावर फैजा अहमद खान ह्यांनीं २००८ सालीं 'सुपरमेन ऑफ मालेगांव' हा माहितीपट केला, आणि रीमा कागती ह्यांनीं २०२४ त एक चित्रपटही केला. व्हिडिओची ती चौकट ४:३ ची. ती मालेगांवकरांनीं हौसेनें निवडलेली नव्हती, पदरीं पडलेली होती. तरी तींतच त्यांनीं आपला विनोद बसविला. रामगढचें अफाट माळरान त्यांस परवडलें नाहीं, म्हणून त्यांच्या चित्रांत माणसें पुढें आलीं. आणि नक्कल करतां करतां त्यांच्या हातून कांहीं तरी स्वतःचें घडलें. कोणी तें चित्र ताणून रुंद केलें तर तें 'शोले'सारखें होणार नाहीं, आणि मालेगांवचेंही राहणार नाहीं. सत्तर मिलिमीटरच्या प्रतीस जो न्याय, तोच गल्लींतल्या कॅमेऱ्यासही असला पाहिजे.

आतां आजीचें म्हणणें. तिचा प्रश्न रुचीचा नसून दृष्टीचा आहे, आणि त्यास तत्त्वज्ञानानें उत्तर देणें निर्दयपणाचें होईल. रुंद चित्रपट पुरा दाखविला कीं चेहरे लहान होतात, ही तक्रार खरी आहे. परंतु तिच्यावर साधा उपाय आहे. रुंद चित्राची उंची पडद्याच्या पाऊणपट भरते. तेव्हां बसण्याचें अंतरही पाऊणपट करावें. जेथें दहा फुटांवर बसत असाल तेथें साडेसात फुटांवर खुर्ची आणावी, म्हणजे चेहरे पूर्वीइतकेच मोठे दिसतील आणि कड्याही शाबूत राहतील. आमच्या घरांतून संच एका भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला अशी रचना असते. ती पाहुण्यांसाठीं ठीक, चित्रपटासाठीं नव्हे. इतकें करूनही ज्यांस दिसत नाहीं त्यांनीं चित्र वाढवून, कडा जाऊं देऊन खुशाल पाहावें. त्यांत कांहीं गेलें तरी उरलेलें खोटें होत नाहीं. ताणण्याचें तसें नाहीं: त्यानें चेहरा मोठा होत नाहीं, नुसता रुंद होतो, आणि डोळ्यांस यत्किंचितही मदत न होतां सारेंच खोटें होतें. तेव्हां आमची प्रतवारी अशी: पट्ट्यांसह पुरें चित्र उत्तम, गरजेपुरतें वाढविलेलें मध्यम, ताणलेलें सर्वथैव त्याज्य.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. आमच्या मतें ह्यांत केवळ एका संध्याकाळच्या करमणुकीचा प्रश्न गुंतलेला नाहीं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकीं पहिलें आणि शेवटचें एवढींच आज दिसतात, आणि तींही नंतरच्या आवृत्तींतील असावींत असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. २००३ च्या जानेवारींत पुण्यास प्रभातच्याच जुन्या आवारांत लागलेल्या आगींत नायट्रेटच्या कित्येक फिती भस्म झाल्या. इतकें जाऊन जें उरलें, तें आतां वाहिन्यांवरून आणि भ्रमणध्वनीवरून घरोघरीं पोंचतें. परंतु त्यांतील पुष्कळसें पोंचवितांनाच ताणलेलें असतें, किंवा 'पडदा भरून' कापलेलें असतें. तेथें प्रेक्षकाच्या हातांतील कळही निरुपयोगी. कारण जें मुळांतच कापून पाठविलें तें परत कोठून आणणार? देवपुरांतील आजच्या दहा वर्षांच्या मुलानें 'संत तुकाराम' प्रथम असाच पाहिला, तर त्याच्या मनांत तुकोबांची तीच मूर्ति बसेल, आणि जुनीं मराठी चित्रें ओबडधोबड असत असा त्याचा ग्रह होईल. जळालेला चित्रपट गेला हें निदान आपणांस ठाऊक असतें व त्याची हळहळ तरी वाटते. विद्रूप होऊन घरांत आलेला चित्रपट गेला आहे हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. पुढच्या पिढीस वारसा द्यावयाचा तर तो वांकवून देऊं नये, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

ज्या वाहिन्या आणि ज्या संस्था जुनीं मराठी चित्रें लोकांपुढें आणतात, त्यांनीं तीं मूळ चौकटींतच द्यावींत, आणि प्रेक्षकांच्या तक्रारीची भीति वाटत असेल तर आरंभीं दोन ओळींचा खुलासा करावा. आमच्या वाचकांनीं आपल्या संचाची मांडणी एकदां तपासावी. बहुतेक संचांत 'मूळ' अथवा 'ऑटो' अशा अर्थाची एक खूण असते, ती लावून ठेवावी, आणि पुढील सुटीच्या दिवशीं 'संत तुकाराम' दोन्ही अंगांच्या काळ्या पट्ट्यांसह मुलांबरोबर पाहावा. दहा-पंधरा मिनिटांत पट्ट्या दिसेनाशा होतात असा अनुभव आहे. घरच्या कर्त्यासही आमची विनंति एवढीच कीं, मोजलेल्या पैशांचा हिशेब त्यानें त्या दिवशीं चित्रपट संपल्यावर करावा.